दिव्याची वायर

"रड," शोभावहिनी माझ्या कानात पुटपुटली. "आता रडायचं बघ. लगीच."

पडद्यावर म्हातारी आई उंबऱ्यावर दिवा ठेवत होती. बाहेर वादळ सुटलं होतं, घराचे पत्रे उडाले होते, गाय दावं तोडून पळाली होती. दिवा मात्र ढिम्म. त्याची ज्योत हलतसुद्धा नव्हती. थेटरात चारी बाजूंनी नाकं ओढल्याचे आवाज येत होते. बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते आणि पुढच्या रांगेतला एक मिशाळ पैलवान उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देत होता. मी खालचा ओठ दातांखाली धरून बसले होते, कारण मला हसू आवरत नव्हतं.

हा माझ्या लग्नाचा प्रश्न होता, हे आधी सांगायला हवं.

इचलकरंजीच्या मगदुमांचं स्थळ चालून आलं होतं. घरचे कापडाचे माग, चार माणसांत नाव, मुलगा सुकुमार डिप्लोमा झालेला. पण ह्या घरची एक गोष्ट पंचक्रोशीत पसरली होती. मुलाची आई, पद्माकाकू, पोहे खाऊन मुलगी पसंत करत नाहीत. त्या मुलीला पिक्चरला घेऊन जातात. तोही ठरलेला पिक्चर, 'दहलीज का दिया'. दर वर्षी नवरत्न टॉकीजला तो परत लागायचा आणि मगदुमांच्या घरी तेवढ्यात एक स्थळ बघून व्हायचं. आधीच्या तीन मुली ह्या पिक्चरनंतर नाकारल्या गेल्या होत्या. का, तर लोक म्हणायचे, त्या नीट रडल्या नाहीत. ज्या पोरीला ह्या पिक्चरला रडू येत नाही तिचं काळीज दगडाचं, ती सासू-सासऱ्यांना काय बघणार, असं म्हणे पद्माकाकूंचं मत.

आता माझी कीर्ती. जयसिंगपुरात माझ्याबद्दल एकच बोललं जायचं, "विजयमाला दात काढती." आत्याच्या बाराव्याला भटजींचा... नव्हे, आमच्यात उपाध्ये म्हणतात, तर उपाध्यांचा चष्मा ताटात पडला तेव्हा मी हसले होते. दोन स्थळं मी हसले म्हणून मोडली होती. एका मुलाने "आपल्याला काय छंद आहे?" म्हणून विचारताना नाकातल्या नाकात गाणं म्हणून दाखवलं, त्याला मी काय करणार. रडके पिक्चर म्हणजे तर माझ्यासाठी जत्राच. सगळे रडत असताना मला नटीच्या पांढऱ्या टोपाखालून डोकावणारे काळेभोर केस दिसायचे. मरणारा माणूस गाणं संपेपर्यंत मरत नाही, हेही मीच मोजत बसायचे.

म्हणून वहिनीने तोड काढली. कांदा.

इथे बाहेरच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही जैन. आमच्या घरात कांदा चढत नव्हता, लसूण नव्हता, जमिनीखालचं काही नव्हतं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. मगदुमांचं तर आमच्याहून कडक. अशा घरी मुलगी दाखवायला निघताना वहिनीने शेजारच्या जाधवकाकूंकडून अर्धा कांदा मागून आणला आणि माझ्या रुमालात बांधला.

"अगं, वास येईल की," मी म्हटलं.

"थेटरात कुणाला कळतंय कशाचा वास हाय? मुतारीचा वास येतोय तिथं." वहिनीकडे सगळ्याला उत्तर होतं. "आईनी वर्षाकाठी चार स्थळं बघायची आन् तू चारी ठिकाणी दात काढून यायचं. ह्या खेपेला रडूनच यायचं घरला."

तर त्या तीनच्या खेळाला आम्ही चौघं बसलो होतो. कडेला सुकुमार, मग पद्माकाकू, मग मी, माझ्या पलीकडे वहिनी. काकू बारीक अंगाच्या, नऊवारीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या मांडीवर पितळेचा एक डबा होता, संध्याकाळच्या जेवणाचा. पिक्चर लांबलचक, मध्येच जेवायची वेळ होते म्हणून काकू डबा बरोबर घेऊन येतात, असं आम्हाला आधीच सांगितलं होतं.

गोष्ट सांगायची तर एवढीच. विधवा आई, तिचा एकुलता एक पोरगा. ती रागाच्या भरात त्याच्या थोबाडीत मारते, तो घर सोडून जातो. मग आई रोज उंबऱ्यावर दिवा लावते आणि खोकते. दिवा, खोकला, गाणं. दिवा, खोकला, गाणं. मोती नावाचं कुत्रं अन्न सोडतं, पण प्रत्येक गाण्यात आधीपेक्षा गुटगुटीत दिसतं.

मध्यंतरात वहिनी काकूंना घेऊन पाणी प्यायला गेली, आम्हा दोघांना जरा बोलता यावं म्हणून. सुकुमार रिकाम्या पडद्याकडे बघत बसला. पहिल्या अर्ध्यात मी त्याचे खांदे हलताना पाहिले होते आणि मनात म्हटलं होतं, संपलं, हाही रडका.

मग तो समोर बघतच हळूच म्हणाला, "दिव्याची वायर दिसली काय तुम्हाला?"

"कसली वायर?"

"पणतीच्या मागनं गेलीया बघा. भिंतीच्या कडंनं. आत बल्ब हाय त्यो. वादळात इझतोय कसा?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे ओले होते, पण ते हसून ओले झालेले होते. गेली काही वर्षं आईच्या सोबतीला येऊन तो एकटाच अंधारात हसू दाबत बसला होता. मला कुणी विचारलं असतं तर मी तिथंच, भेळवाल्याच्या समोर, त्याच्या गळ्यात माळ घातली असती. तोपर्यंत मला हे स्थळ जमलं काय आणि मोडलं काय, सारखंच होतं. आता मात्र मला रडायलाच हवं होतं.

आणि दुसऱ्या अर्ध्यात पणती आली की मला वायरच दिसायची. उंबऱ्यावरून निघालेली, शेणाने सारवलेल्या भिंतीच्या कडेने जाणारी, चांगली काळी जाडजूड वायर. ती बघून मला जे हसू फुटायचं ते दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

"रड की ग," वहिनीने मला कोपर मारलं.

आई आजारी पडून खाटेवर आडवी झाली होती. मी रुमाल उलगडला आणि सरळ डोळ्यांना लावला.

कांदा असा डोळ्याला लावायचा नसतो. तो नुसता जवळ धरायचा असतो. पण ज्या घरात कधी कांदा चिरलाच नाही तिथल्या मुलीला हे कुठून माहीत असणार? डोळ्यांत निखारे पडल्यासारखं झालं. पाण्याच्या धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, शिंका आल्या. मी एवढी रडले की पुढचा पैलवान मागे वळून म्हणाला, "ताई, सावरा. शेवट गोड हाय."

वहिनी खूश झाली. पण पद्माकाकूंनी मान वर केली आणि नाकाने दोनदा वास घेतला.

"कांद्याचा वास कुठनं यायलाय?"

"ते... पुढं कुणीतरी भेळ खायलंय वाटतं," वहिनी म्हणाली.

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रुमालाकडे. मग डबा माझ्या हातात दिला आणि उठल्या.

"चल. जेवायची येळ झाली. तू ये माझ्यासंगं."

"काकू, आता शेवटच हाय की," वहिनी घाबरून म्हणाली. "पोरगा यायलाय आता. तेवढं बघून..."

"तुम्ही बघा. हिला चलू दे."

मी उठले. एकतर ह्या पिक्चरमधून उठायला मिळतंय ह्याचा आनंद, आणि दुसरं म्हणजे बाहेर आपली वरात कुठल्या दिशेने निघणार आहे ते ठाऊक. जाताना सुकुमारकडे बघितलं. तो बिचारा खुर्चीत ताठ बसला होता. त्यालाही कांद्याचा वास आला असणार.

टॉकीजच्या मागच्या बाजूला एक पायरी होती, सायकलस्टँडकडे तोंड केलेली. काकू तिथे बसल्या. मी उभीच.

"दे तो रुमाल."

दिला. त्यांनी गाठ सोडली. अर्धा कांदा माझ्या इज्जतीसारखा ठेचून निघालेला.

"ह्ये काय?"

"कांदा."

"ते दिसतंय मला. खातीस?"

"नाही काकू! आईशप्पथ. रडायला आणला होता."

मला वाटलं, आता काकू उठतील आणि आत जाऊन सुकुमारला घेऊन निघतील. माझी जीभ मग सुटलीच. जाणारच आहे तर खरं सांगून जावं.

"मला रडू येत नाही हो असल्या पिक्चरला. मला त्या दिव्याची वायर दिसते. मी काय करू? पण तुमच्या घरी चालत नाही म्हणतात न रडलेली मुलगी."

"कोण म्हणतंय?"

"सगळे."

काकूंनी कांदा पायरीवर ठेवला. "मागल्या पोरीनं डोळ्याखाली बाम चोळलावता. तिच्या आधीची खरंच रडली. इतकी रडली, इतकी रडली, की मलाच भ्या वाटलं. घरात नेल्यावर रोज असं रडली तर?"

मी हसले. चुकून. मग तोंडावर हात ठेवला.

"मग त्यांना नकार का दिलात?"

"मी उठा म्हटलं तर उठंनात गं. 'काकू, शेवट बघू, काकू, शेवट बघू.' हात धरून बसवायला लागल्या मला." काकूंचा आवाज पहिल्यांदाच जरासा चढला. "परीक्षा कसली आलीया. मला पिक्चरला कुणी सोडत न्हाई घरातनं. पोरगी बघायची म्हटलं की मालक जा म्हणत्यात. तेवढंच."

मी त्यांना जेवायला वाढावं म्हणून डबा उचलला. बाहेर येताना लक्षात आलं नव्हतं, पण आता आलं. डबा हलका होता. फारच हलका. मी झाकण काढलं. आत काही नव्हतं. घासून लखलखीत केलेला, कोरडा, रिकामा डबा.

आणि मग मी वर बघितलं. एप्रिलचा महिना. सूर्य अजून टॉकीजच्या पाण्याच्या टाकीवर होता. जेवायला अजून भरपूर वेळ होता. पिक्चरचा शेवट बघून, घरी जाऊन, सावकाश चार घास खाता आले असते इतका.

"काकू, डबा..."

"माझा थोरला हाय धनपाल," काकू म्हणाल्या. सायकलींकडे बघत होत्या त्या. "त्याचं आन् मालकांचं कडाक्याचं भांडण झालं मागांवरनं. ह्यांनी म्हटलं, चालता हो. त्यो पिशवी घिऊन दारात उभा ऱ्हायला. माझ्याकडं बघत हुता. बघत हुता माझ्याकडं, काय म्हणती म्हणून. आन् सूर्य मावळायला आलावता. ताटं वाढल्याली. मी म्हटलं, ह्यांचा राग निवंल, आधी जेवून घिऊ, मग समजूत घालीन. जाईल कुठं? बसलो जेवायला. हात धुऊन बाहेर येतो तवर यष्टी गेल्याली."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी बसलो, मी गेलो. एरवी मला त्यात काही वाटत नाही. पण त्या संध्याकाळी ते 'बसलो' ऐकताना मला वाटलं की ह्या बाईबरोबर अजून कुणीतरी त्या पंगतीला बसलं होतं, आणि दारात मात्र कुणीच नव्हतं.

"त्या दिसापास्नं संध्याकाळचं जेवत न्हाई मी. घरात सांगतो, पोटात गॅस हुतोय. त्याचं नाव काढायचं न्हाई घरात. मालकांची आण हाय. मग रडायचं कुठं? हितं यिऊन रडतो. हितं सगळ्याच रडत्यात, कोण इचारतंय."

"पण शेवटी तो पोरगा परत येतो म्हणे," मी म्हटलं.

"ठावं हाय की. सगळ्या गावानं सांगितलंय."

"मग बघत का नाही?"

"बघितला तर संपंल की गं."

तेवढ्यात आतून एकदम शिट्ट्या वाजल्या. टाळ्या, आरोळ्या, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. आत पोरगा आला होता. सगळ्या थेटराचा पोरगा आला होता. काकूंनी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला आणि मान खाली घातली, जणू कुणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं.

मला काय झालं मला कळलं नाही. मी त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि रडायला लागले. आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून, शेजारचा सायकलस्टँडवाला उठून बघायला येईल इतकी.

काकूंनी पदर सोडला. माझ्याकडे बघितलं. मग पायरीवरच्या कांद्याकडे बघितलं.

"आता कशानं रडायलीस? कांदा तर हितं हाय."

चार दिवसांनी होकार आला. वहिनी अजून सगळ्यांना सांगते की तिच्या कांद्याने लग्न जमलं.

लग्नानंतर दर वर्षी पिक्चरला सोबत कोण, हा प्रश्न मिटला. काकूंना मी आत्ती म्हणायला लागले. आम्ही दोघी जायचो, रिकामा डबा घेऊन. पडद्यावर आई खाटेवर पडली की मी म्हणायचे, "आत्ती, जेवायची वेळ झाली," आणि आम्ही मागच्या पायरीवर येऊन बसायचो. आत शिट्ट्या वाजेपर्यंत मी त्यांना सबंध गावाच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायचे. नवरत्न टॉकीज पडून तिथे मंगल कार्यालय झालं, मग पिक्चर घरातल्या टीव्हीवर लागायला लागला. दुपारी दोन वाजता लागला तरी मी शेवटाआधी उठून टीव्ही बंद करायचे. "जेवायची वेळ झाली." सुकुमार म्हणायचा, आत्ता तर जेवलो. मी त्याला डोळे वटारायचे.

मामंजी वारले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका मंगळवारी, ऐन दुपारी, आत्ती अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि दारात स्कूटर थांबली. ना वादळ, ना गाणं. टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक माणूस, मागे लुगड्यात गुंडाळलेली फणसासारखी एक पिशवी. सात समुद्रांपलीकडून नव्हे, हुबळीहून आला होता. इतकी वर्षं तिथे तो टायरचं दुकान चालवत होता. इथून यष्टीने जायचं म्हटलं तर सकाळी निघून जेवायला पोचता येतं.

आत्तींनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलाईस काय?"

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आमच्या घरात सगळ्यांची पानं मांडली. आत्तींचंही. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

महिन्याभरातच टीव्हीवर 'दहलीज का दिया' लागला. धनपालभावोजी हुबळीला परत गेले होते, दर रविवारी फोन करायचे. घरात आम्ही दोघीच. माझा मुलगा अजित दहावी होऊन त्याच आठवड्यात पुण्याला होस्टेलवर गेला होता. निघायच्या आधी आमचं भांडण झालं होतं, शर्टांवरून, असंच काहीतरी. मी रागाने त्याला स्टँडवर सोडायला गेले नव्हते.

पडद्यावर आई खाटेवर पडली. मी सवयीने रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाल्या. "बघूया की आज. इतकी वरसं काय हाय म्हणून त्यात."

पोरगा आला. घोडागाडीतून, पांढऱ्या सुटात, पायांत घोटाळणारं मोती कुत्रं. आई खाटेवरून उठली, खोकत खोकत उंबऱ्यापर्यंत आली. पोराने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्ती पाय पसरून, शेंगा फोडत बघत होत्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "आन् ह्यासाठी लोकं शिट्ट्या मारायचे? हिचे केस बघ की, मागनं काळेच हायत. आन् त्यो कुत्रा! उपाशी हुता म्हणं. अगं, अगं, इजयमाला, त्या दिव्याला वायर हाय की!"

"कुठं?" मी विचारलं. मला काहीच दिसत नव्हतं.